लाल कौलांखालचें जुनें घर

घर जुनें झालें म्हणजे धन्यापुढें दोनच वाटा उरतात, असा सर्वसाधारण समज आहे. एक तर तें पाडून नवें बांधावें, नाहीं तर डागडुजी करून जुनेंच चालवून घ्यावें. परंतु ज्या घरांत तीन-चार पिढ्या नांदून गेल्या, त्याच्या बाबतींत खरा प्रश्न याहून खोल असतो. भिंतींत ओल चढली, तुळ्यांस वाळवी लागली, न्हाणीघर अपुरें पडूं लागलें, म्हणजे दुरुस्ती ही करावीच लागते. पण दुरुस्त करून तें घर कोणत्या काळाचें करावयाचें? पणजोबांनीं बांधिलें तेव्हांचें, आजोबांनीं माडी चढविली तेव्हांचें, कीं आज मुलें-नातवंडें राहतात त्या सोयीचें? याचा विचार होण्यापूर्वीं गवंड्यास हांक मारिली, तर निर्णय गवंडीच करून टाकतो, आणि मग तो फिरवितां येत नाहीं.

हा प्रश्न अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया संस्थानांतील ‘स्पॅनिश’ वळणाच्या घरांत जितका स्पष्ट दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. पांढऱ्या जाड भिंती, लाल कौलें, कमानीचीं दारें, लोखंडी गजांच्या खिडक्या, रंगीत फरशांचे जिने आणि मध्यें उघडा चौक, असें या घरांचें रूप असतें. त्यांच्या अंतर्भागाचा जीर्णोद्धार कसा झाला, त्यांत काय साधलें व काय बिघडलें, याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हीं घरें स्पॅनिश कशीं झालीं?

इ. स. १७६९ मध्यें स्पॅनिश धर्मोपदेशकांनीं सान दिएगो येथें आपला पहिला मठ स्थापिला, आणि १८२३ पर्यंत या किनाऱ्यावर असे एकवीस मठ उभे राहिले. ते उभारण्याचे श्रम मुख्यतः तेथील मूळच्या रहिवाश्यांनीं, म्हणजे ज्यांस अमेरिकन इंडियन म्हणतात त्यांनीं केले, ही गोष्ट त्या कमानींचें सौंदर्य वर्णन करणारे पुष्कळदां विसरतात. बांधकाम मातीचें होतें. चिकणमाती, वाळू व गवताचा काड एकत्र तुडवून सांच्यांत घातलेली व उन्हांत वाळविलेली कच्ची वीट हें त्याचें मुख्य साधन. या विटेस स्पॅनिश भाषेंत ‘अदोबे’ म्हणतात, आणि हा शब्द त्या भाषेंत अरबीमधून आला आहे. रंगीत फरशीचें ‘असुलेहो’ हें नांवही अरबीच. स्पेनच्या कांहीं ना कांहीं भागावर इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत मुसलमानी सत्ता होती. तिच्या काळीं तेथें रुजलेल्या या कला पुढें मेक्सिकोंतून कॅलिफोर्नियांत पोंचल्या. तेव्हां ज्यास आपण स्पॅनिश घर म्हणतों, त्याचीं मुळें किती दूरवर पसरलेलीं आहेत हें ध्यानीं यावें.

१८२१ मध्यें मेक्सिको स्वतंत्र झाला, आणि १८४८ मध्यें युद्धाच्या अखेरीस कॅलिफोर्निया अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेला. पूर्वेकडून आलेल्या नव्या रहिवाश्यांस लांकडी फळ्यांचीं घरें प्रिय होतीं. मातीचीं घरें त्यांस मागासलेलीं वाटत, आणि म्हणून तीं पावसांत विरघळूं लागलीं. १८८४ मध्यें हेलन हंट जॅक्सन या लेखिकेनें ‘रामोना’ ही कादंबरी लिहिली. मूळच्या रहिवाश्यांवरील अन्यायास वाचा फोडावी, हा तिचा हेतु होता. लोकांनीं मात्र त्या कादंबरींतून जुन्या घराचा ओसरी-चौक व त्यावर चढलेल्या वेलीच तेवढ्या उचलल्या! पुढें १९१५ मध्यें सान दिएगो येथें मोठें प्रदर्शन भरलें व स्पॅनिश वळणाच्या इमारतींची आवड सर्वत्र पसरली. २९ जून १९२५ च्या भूकंपांत सांता बार्बारा शहराचा मुख्य रस्ता उद्‌ध्वस्त झाला, तेव्हां त्या शहरानें पुन्हा बांधतांना हेंच वळण बुद्धिपुरस्सर पत्करिलें.

यावरून एक गोष्ट उघड होते. या घरांपैकीं कांहीं खरोखर जुनीं आहेत, कांहीं जुन्याच्या नकलेनें बांधिलेलीं आहेत, आणि कांहीं जुनीं असून नकलेच्या नकलेप्रमाणें सजविलेलीं आहेत. तिहींच्या जीर्णोद्धाराचा विचार निरनिराळाच केला पाहिजे.

एका घराचे तीन काळ

लाँग बीच शहरांतील ‘रांचो लोस सेरितोस’ हें घर तिसऱ्या प्रकारचें उत्तम उदाहरण होय. जॉन टेंपल नांवाच्या, पूर्वेकडून येऊन मेक्सिकोचा नागरिक झालेल्या व्यापाऱ्यानें येथें सत्तावीस हजार एकर जमीन घेतली व १८४४ मध्यें हें घर बांधिलें. मधला भाग दुमजली, दोहों बाजूंस एकमजली सोपे, आणि मध्यें चौक. भिंती मातीच्या, परंतु लांकूड उत्तरेकडून जहाजानें आणलेलें. छप्पर सपाट असून त्यावर जमिनींतून आपोआप वर येणाऱ्या डांबराचा थर दिलेला होता. लाल कौल त्यावर एकही नव्हतें.

१८६६ मध्यें ही मालमत्ता फ्लिंट-बिक्स्बी कंपनीकडे गेली. जोथम बिक्स्बी हे कुटुंबासह येथें राहूं लागले व मेंढपाळीचा मोठा व्यवसाय चालला. सपाट डांबरी छपराच्या जागीं लांकडी चिपांचें उतरतें छप्पर आलें. या काळांत घरांतील मुलांचें जीवन कसें होतें, तें सेरा बिक्स्बी स्मिथ यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत वाचावयास सांपडतें. त्यानंतर कुटुंब शहरांत गेलें, घर भाड्यानें दिलें गेलें, आणि त्याची दुर्दशा झाली.

१९३० मध्यें जोथम यांचे पुतणे लूएलिन बिक्स्बी यांनीं तें राहण्याजोगें करावयाचें ठरविलें. त्यांनीं विजेचे दिवे, नळ व न्हाणीघरें आणिलीं, नव्या शेगड्या बांधिल्या, भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढविला आणि छपरावर लाल कौलें घातलीं. म्हणजे, ज्या घरानें शाहाऐंशी वर्षांत लाल कौलें पाहिलीं नव्हतीं, तें घर जीर्णोद्धारानें पहिल्यानेंच ‘स्पॅनिश’ दिसूं लागलें!

कोणी म्हणेल, ही तर फसवणूक झाली. आम्हांस तसें वाटत नाहीं. लूएलिन बिक्स्बी यांनीं हात घातला नसता, तर तें घर मातीस मिळालें असतें. त्यांनीं आपल्या कुटुंबासाठीं, आपल्या काळच्या आवडीप्रमाणें, वडिलार्जित घर उभें ठेविलें, आणि त्यांचा तो फेरफार हाही आतां त्या घराच्या चरित्राचा एक अध्याय झाला आहे. १९५५ मध्यें शहरानें हें घर घेऊन तेथें संग्रहालय केलें. १८४४ चें शुद्ध रूप साधावें म्हणून १९३० चीं कौलें कोणीं उतरविलीं नाहींत. १९६४ मध्यें व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं जुन्या वास्तूंच्या रक्षणाचे जे नियम ठरविले, त्यांतही हाच विवेक आहे. वास्तूंत निरनिराळ्या काळीं पडलेली योग्य भर राखावी, आणि जेथें पुरावा संपून अटकळ सुरू होते तेथें जीर्णोद्धार थांबवावा, असा त्यांचा आशय आहे.

मात्र एका बाबतींत त्या पिढीच्या पद्धतीचें अनुकरण आज कोणीं करूं नये, आणि ती म्हणजे मातीच्या भिंतीवर सिमेंट. मातीची भिंत जमिनींतून थोडी ओल ओढून घेतच असते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असला, म्हणजे ती ओल वाऱ्यानें बाहेर पडते. सिमेंटचा कठीण थर तिची वाट बंद करितो. शिवाय सिमेंट व माती यांचें आकुंचन-प्रसरण सारखें नसल्यामुळें बारीक भेगा पडतात, त्यांतून पावसाचें पाणी आंत शिरतें, पण बाहेर निघत नाहीं. भिंतीचा पाय आंतल्या आंत पुन्हा चिखल होऊं लागतो, आणि वरचा गिलावा मात्र नव्यासारखा गुळगुळीत दिसत राहतो. रोग्याचा चेहरा तजेलदार आणि नाडी क्षीण, अशांतला हा प्रकार होय.

अशा दुबळ्या भिंतीची परीक्षा भूकंप घेतो. १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपांत कॅलिफोर्नियांतील पुष्कळ मातीच्या घरांस इजा झाली. ‘रामोना’शीं ज्याचें नांव जोडलें जातें, तें कामुलोस येथील घरही त्यांतून सुटलें नाहीं. त्या दशकांत गेटी संस्थेच्या संशोधकांनीं मातीच्या घरांच्या लहान प्रतिकृति करून हलत्या मंचांवर त्यांची परीक्षा घेतली. भिंतीस तडा जाणें टळत नाहीं, पण तडकलेले भाग पट्ट्यांनीं व दोरांनीं एकत्र बांधून ठेविले आणि भिंतीचा माथा छपराशीं जखडला, तर भिंत कोसळत नाहीं, असें त्यांस आढळलें. म्हणजे जुन्या भिंतींत सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा न घुसवितांही माणसें वांचवितां येतात. दिवाणखाना कसा सजवावा, या विचारापूर्वीं हा विचार झाला पाहिजे.

दुसऱ्याचें दार, आपली शोभा

आतां नकलेनें बांधिलेल्या, पण फार सुंदर अशा एका घराकडे वळूं. सांता बार्बाराजवळ माँतेसितो येथें ‘कासा देल एर्रेरो’, म्हणजे ‘लोहाराचें घर’ आहे. जॉर्ज फॉक्स स्टीडमन या गृहस्थांस धातुकामाचा नाद होता, त्यावरून हें नांव पडलें. १९२५ च्या ज्या दिवशीं तो भूकंप झाला, त्याच दिवशीं हें कुटुंब नव्या घरांत राहावयास आलें. शिल्पकार जॉर्ज वॉशिंग्टन स्मिथ हे मूळचे चित्रकार. त्यांनीं प्रथम स्वतःकरितां असें एक घर बांधिलें, तें पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्यांस आपलीं घरें बांधावयास सांगितलें, आणि १९३० मध्यें मृत्यु येईपर्यंत तेंच त्यांचें कार्य झालें.

त्यांच्या घरांच्या अंतर्भागांत एक संयम आहे. मोठी पांढरी भिंत, तीत एकच खोल खिडकी, वर काळसर लांकडी तुळ्या, खालीं भाजलेल्या मातीची फरशी. रंगीत फरशा असतात, पण त्या पायरीच्या उभ्या बाजूस, खिडकीच्या बैठकीवर किंवा भिंतीच्या कंबरेइतक्या उंचीपर्यंत. शोभा एका जागीं एकवटावी आणि बाकीची भिंत स्वस्थ सोडावी, हें त्यांतलें रहस्य. अशा खोलींत पुढील पिढीनें चार कपाटें, सहा चित्रें व रंगीबेरंगी पडदे घातले, तर वस्तु मोडत नाहीं, पण खोली मरते. म्हणून अशा घराच्या अंतर्भागाचा जीर्णोद्धार पुष्कळदां वस्तु आणण्यानें नव्हे, तर काढण्यानें होत असतो.

परंतु या शोभेस एक काळी बाजूही आहे. स्टीडमन यांच्या घरांतील जुनें सामान आर्थर बाइन व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड स्टेपली यांच्या मदतीनें स्पेनमध्यें खरेदी केलें गेलें. हे बाइन विद्वान होते, आणि जुन्या वस्तूंचे दलालही होते. त्यांनींच सेगोव्हिया प्रांतांतील साक्रामेनिया येथील मध्ययुगीन मठाचे भाग १९२५ मध्यें वृत्तपत्रांचे धनी हर्स्ट यांस विकले. एकेक दगड सुटा करून सुमारें अकरा हजार खोक्यांत भरला गेला. अमेरिकेंत उतरल्यावर गुरांच्या सांथीच्या भीतीनें खोक्यांतलें गवत जाळण्यांत आलें, आणि दगड परत भरतांना त्यांचे क्रमांक चुकले. हर्स्ट यांनीं तो मठ कधींच उभारिला नाहीं. पुढें तो १९५० नंतरच्या दशकांत फ्लॉरिडामध्यें, मायामीच्या उत्तरेस, कसाबसा जुळविण्यांत आला. स्पेननें १९३३ मध्यें आपल्या वारशाच्या रक्षणाचा कडक कायदा केला, पण तोंपर्यंत जें जावयाचें तें गेलें होतें.

जीर्णोद्धार करणाऱ्यानें यांतून एक धडा घ्यावा. आपल्या घराचें गेलेलें दार पुन्हा बसवावयाचें, तर चांगल्या सुताराकडून नवें करून घ्यावें. दुसऱ्याच्या घराचें जुनें दार उपटून आणणें हा जीर्णोद्धार नव्हे. ती एका घराची हानि करून दुसऱ्याची केलेली सजावट आहे.

फरशीचा गालिचा

नवें करूनही जुन्याचा मान कसा राखतां येतो, हें मालिबू येथील अ‍ॅडमसन कुटुंबाच्या घरांत पाहावें. शिल्पकार स्टाइल्स क्लेमेंट्स यांच्या योजनेप्रमाणें तें १९२९–३० मध्यें बांधिलें गेलें. गृहिणी रोडा अ‍ॅडमसन यांची आई मे रिंज यांनीं १९२६ मध्यें मालिबू येथेंच मातीच्या फरशांचा कारखाना काढिला होता. १९३१ मध्यें त्यास आग लागली, आणि १९३२ मध्यें तो बंद पडला. म्हणजे जेमतेम सहा वर्षांचें आयुष्य! पण त्या अल्पकाळांतील कारागिरी या घराच्या प्रत्येक दालनांत शिल्लक आहे. एका सोप्यांत तर इराणी गालिचाच अंथरला आहे असा भास होतो. जवळ जावें, तों कडेच्या झालरीसुद्धां तो सबंध गालिचा फरशांचाच केलेला!

या फरशांपैकीं पुष्कळांवर नक्षीच्या रेषा काढण्याची जुनी रीत ‘कोरडी दोरी’ या अर्थाच्या स्पॅनिश नांवानें ओळखली जाते. मेणचट पदार्थांत काळा रंग मिसळून नक्षीची बाह्यरेषा काढावयाची, आणि मधल्या घरांत निरनिराळे काचेचे रंग भरावयाचे. तेलकट रेषेमुळें शेजारचे रंग एकमेकांत मिसळत नाहींत. भट्टींत तेल जळून जातें व काळी रेषा तेवढी उरते. अशी फरशी फुटली, तर यंत्रावर छापलेला हुबेहूब तुकडा बसवून भागत नाहीं. उजेड तिरपा पडतांच तो परका दिसतो. त्याच रीतीनें नवी घडवावी, आणि मागील बाजूस सालाचा शिक्का मारावा, म्हणजे आज डोळ्यास सुख होतें व उद्यांच्या अभ्यासकाची फसगत होत नाहीं.

१९६८ मध्यें सरकारनें हें घर घेतलें, तेव्हां तें पाडून समुद्रावर येणाऱ्यांच्या मोटारींसाठीं जागा करावी असा विचार होता. स्थानिक लोकांनीं नेट धरून तो हाणून पाडिला. आज तेथें संग्रहालय आहे.

अंतर्भागाच्या दुरुस्तीचा क्रम

या सर्व उदाहरणांवरून अंतर्भागाच्या कामाचा जो क्रम निघतो, तो थोडक्यांत असा.

प्रथम पाणी. छप्पर, पन्हाळी व जोत्याभोंवतालची जमीन यांची व्यवस्था लागल्यावांचून आंतल्या भिंतीस हात लावूं नये. ओल्या भिंतीवर दिलेला उत्तम रंगही सोलून पडतो.

नंतर चौकशी. जुनीं छायाचित्रें, हिशेबाच्या वह्या, घरांतील वडील माणसांच्या आठवणी गोळा कराव्या. भिंतीच्या कोपऱ्यांत बोटभर जागेंत रंगाचे थर एकेक करून हलक्या हातानें खरवडावे. वरच्या पिवळ्याखालीं निळा, त्याखालीं चुन्याचा पांढरा, असा घराचा इतिहास तेथें पानोपानीं सांपडतो.

मग साहित्य. मातीस माती, चुन्यास चुना. चुना हवेंतील कर्बवायु घेऊन हळूहळू घट्ट होतो. त्यास वेळ द्यावा लागतो, हीच त्याची किंमत. भाजलेल्या मातीच्या फरशीवर चकचकीत रोगण न चढवितां तेल व मेण द्यावें. लोखंडी गज वाळूच्या फवाऱ्यानें घासूं नयेत, कारण लोहाराच्या घणाचे ठसे त्यानें पुसले जातात.

शेवटीं सोयी. घर राहण्यासाठीं आहे. विजेवांचून व नळावांचून तें राखा, असा हट्ट धरणें हें रिकामें घर मागण्यासारखेंच आहे. पण नवें न्हाणीघर अशा खोलींत करावें, कीं जिचें मूळ रूप पूर्वींच गेलेलें आहे. तारा माळ्यावरून किंवा जुन्याच खांचांतून न्याव्या. जें नवें बसवावें तें पुढें कोणास काढावेंसें वाटल्यास मूळ भिंतीस इजा न होतां निघावें. आपल्या आवडीनें आपण घर सजवावें, परंतु पुढील पिढीचा हात बांधून ठेवूं नये.

आपल्याकडे पाहतां

मराठी वाचकास हा विषय सर्वस्वीं परका नाहीं. आयबेरियाच्या ज्या द्वीपकल्पांतून ही फरशी अमेरिकेंत गेली, त्याच द्वीपकल्पांतून पोर्तुगीजांबरोबर ती गोमंतकांत आली. पणजी येथील मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या भिंतींवर निळ्या रंगांतील अशी चित्रफरशी आजही पाहावयास मिळते. आणि आपले चौकाचे वाडे कोणत्याही अर्थानें स्पॅनिश नसले, तरी त्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींस ओलीचे तेच नियम लागू आहेत. कित्येक वाड्यांवर मजबुतीच्या समजुतीनें सिमेंटचा थर चढला आहे, आणि त्याखालीं भिंत भुसभुशीत होत आहे.

एकत्र कुटुंबांत वाड्याची दुरुस्ती बहुधा वाटणीच्या बोलण्यापाशीं अडते. एका भावास तें वडिलांचें स्मारक वाटतें, दुसऱ्यास ती अडचण वाटते, आणि तिसरा परगांवीं असल्यामुळें त्याचें पत्रच येत नाहीं. अशा वेळीं ‘पाडावें कीं राखावें’ या वादानें प्रारंभ न करितां, ‘यांतलें काय एकदां गेलें असतां पुन्हा करितां येणार नाहीं?’ एवढीच यादी सर्वांनीं मिळून करावी. त्या यादींत बहुतेक भिंत, तुळई, देवघराची चौकट व चौक एवढींच उरतील. बाकीचें सारें बदलण्यास घरांतील प्रत्येकास मोकळीक देतां येईल, आणि ज्या गोष्टींवर सर्वांचें एकमत आहे त्या किती थोड्या व किती मोलाच्या आहेत, हें पाहून पुष्कळशा वादाचें कारणच उरणार नाहीं. जुनें घर राखण्याचें काम चुन्यापासून सुरू होत नसून या यादीपासून सुरू होतें. आणि ती करण्यास पैसा लागत नाहीं, केवळ एक संध्याकाळ एकत्र बसावें लागतें.